पितलदांच्या पुंगळ्या

आधी दोन्ही हात पुढे करायचे, तळवे वर. ते वाकून वास घ्यायचे. मग केसांचा, आणि माणूस मिशीवाला असेल तर मिशीचाही. एवढं झाल्याशिवाय काडतुसं भरायच्या त्या खोलीत कुणाला पाऊल टाकता येत नसे. पहिल्या रविवारी मला वाटलं, म्हातारबुवांचं डोकं फिरलंय. दुसऱ्या रविवारी पाहिलं तर खुद्द नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरींना त्यांनी दाराबाहेर उभं केलं होतं. सेक्रेटरींनी आदल्या दिवशी मिशी रंगवली होती. तीन दिवसांनी या, असं सांगून त्यांनी दार लावून घेतलं, आणि एरवी कचेरीत शेकडो माणसांवर हुकूम चालवणारे ते गृहस्थ मुकाट्याने चहाच्या टपरीकडे गेले.

सगळे त्यांना पितलदा म्हणत. बंगालीत पितळेला पितल म्हणतात, दा म्हणजे दादा, आणि त्यांचा सगळा जन्म पितळेत गेला होता. खरं नाव अस्सल कोकणी. वडील रेल्वेच्या नोकरीत हावड्याला आले ते परत गेलेच नाहीत. हे जन्मले कोलकात्यात, शिकले कोलकात्यात, लग्न केलं तेही बंगाली मुलीशी. मराठी त्यांना आईकडून मिळालं होतं आणि आई गेली तेव्हापासून ते वापराविना पडून होतं.

मी मूळची सांगलीची. सरकारी विमा कंपनीतल्या बदलीमुळे कोलकात्याला आले, बालीगंजला एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहू लागले. कॉलेजात एन.सी.सी.त असताना रायफल बरी चालवायची, म्हणून रविवारी बालीगंजहून बजबजची लोकल धरून नदीकाठच्या त्या रेंजवर जायला लागले. पहिल्याच दिवशी रायफलीचा बोल्ट अडकला आणि मी स्वतःशीच मराठीत म्हणाले, काय मेली कटकट आहे. मागून आवाज आला, "अगो, मेला नाही, कोरडी आहे. तेल घाल."

बंगालीत स्त्रीलिंग-पुल्लिंगाची भानगड नसते. त्यामुळे त्यांच्या मराठीत बोल्ट कधी तो असे, कधी ती. पाणी ते 'खात', चहाही 'खात'. पण त्या परक्या शहरात, आठवड्यातून एकदा का होईना, मला कुणीतरी 'अगो' म्हणत होतं. त्यासाठी मी पन्नास चुका पोटात घातल्या असत्या.

त्यांचं काम मात्र बिनचूक होतं. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या रायफलीची काडतुसं परदेशातून येत, म्हणजे आली तर येत. म्हणून झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्या पुन्हा भरायच्या. त्यासाठी क्लबकडे परवाना होता आणि पितलदा होते. गोळी सुटते तेव्हा पुंगळी फुगते, आणि पुन्हा भरण्याआधी तिला साच्यात आवळून मूळ मापावर आणावं लागतं. फुगणं, आवळणं, पुन्हा फुगणं, पुन्हा आवळणं. असं होता होता पितळ कडक होत जातं आणि एके दिवशी मानेपाशी तडकतं. ते होऊ नये म्हणून मधूनमधून मान तापवून नरम करायची. पण फक्त मान. बूड नरम झालं तर पुंगळी रायफलीतच फाटायची भीती.

हे काम ते भर दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावून करत. पुंगळ्या पाण्याच्या ताटलीत उभ्या, बुडं पाण्यात, माना वर. बर्नरची ज्योत ते एकेकीच्या मानेभोवती फिरवत. अंधार कशाला, तर रंग कळावा म्हणून. लाल दिसली की बिघडली, त्याच्या आधी थांबायचं आणि पुंगळी पाण्यात आडवी पाडायची. "पितळ लक्षात ठेवतं, अगो," ते म्हणायचे. "किती वेळा ताणलं, किती वेळा आवळलं, सगळं. नीट तापवलं की विसरतं."

मग तपासणी. पंधरा-वीस पुंगळ्या दोन्ही हातांत घेऊन कानाशी खुळखुळवत. त्यात एखादी चिरलेली असेल तर आवाज बद्द येतो. मला कित्येक महिने तो फरक कळला नाही. त्यांचे कान इतके सरावले होते की चहा ओतण्याआधी टपरीवरचं मातीचं भांडंही ते नखाने वाजवून पाहत आणि तीन-तीन भांडी परत करत. टपरीवाला त्यांच्यासाठी चार भांडी काढूनच ठेवायचा.

पुंगळ्यांच्या प्रत्येक खोक्याला त्यांनी आपल्या नात्यातल्या एकेका बाईचं नाव दिलं होतं. बनूमावशी, काशीकाकू, यमूआत्या. एका खोक्यातल्या पन्नास पुंगळ्या नेहमी बरोबर राहत, बरोबर झाडल्या जात, बरोबर तापवल्या जात. किती वेळा भरायच्या हे ठरलेलं असे. ते संपलं की ते जाहीर करत, बनूमावशी काशीयात्रेला निघाली. मग सगळ्या पुंगळ्या हातोडीने चेपून मोडीत. चांगल्या दिसतात, अजून एकदा चालतील, असं म्हणणाऱ्याकडे ते असं पाहत, जणू त्याने घरच्या म्हाताऱ्या बाईला पुन्हा पाण्याचे हंडे उचलायला सांगितलं असावं.

आणि वास. ताणलेल्या पितळेला अमोनियाचा वारा लागला की ते आतून चिरत जातं. लगेच नाही, आठवड्यांनी, महिन्यांनी. अमोनिया केसांच्या रंगात असतो, काच पुसायच्या पाण्यात असतो, कबुतरांच्या घाणीत असतो. म्हणून ती हातांची तपासणी. कबुतरांवर तर त्यांचं उघड युद्ध होतं. बोलता बोलता खोलीच्या छपरावर फडफड ऐकू आली की वाक्य अर्धवट टाकून, छत्री घेऊन धावत. पाहुण्या क्लबातले नेमबाज हसत, मीही हसे. मला वाटायचं, माणूस थोर आहे, पण हा जरा अतिरेक आहे. माझी चूक तिथून सुरू झाली.

दोन वर्षांत त्यांनी मला खोलीतलं बहुतेक काम शिकवलं. मग त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि तीन आठवडे किल्ली माझ्याकडे आली. भरायचं काही नाही, फक्त पुंगळ्या निवडून, धुऊन ठेवायच्या, असं त्यांनी बजावलं होतं. धुवायच्या चिंचेच्या पाण्याने.

माझ्या मनात आलं, ते नव्या डोळ्याने परत येतील तेव्हा त्यांना पुंगळ्या सोन्यासारख्या दिसाव्यात. चिंचेने पितळ स्वच्छ होतं, पण झळकत नाही. गरियाहाटच्या बाजारातून मी भांडी चमकवायचं पातळ पॉलिश आणलं. यमूआत्याचा खोका घेऊन व्हरांड्यात बसले. बाटली उघडली तर डोळ्यांतून पाणी आलं. मी फक्त वाऱ्याकडे पाठ करून बसले आणि पन्नासच्या पन्नास पुंगळ्या घासल्या. मग साबणाने धुऊन दोन दिवस वाळवल्या. वास पार गेला.

ते आले. काळा चष्मा लावलेला. खोका उघडून एक पुंगळी त्यांनी खिडकीपाशी नेली, चष्मा वर केला आणि अगदी खूश झाले. चिंच चांगली जुनी दिसते, असं म्हणाले. आणि नेमक्या त्या क्षणी मला तो डोळ्यांत पाणी आणणारा वास आठवला, त्यांची छत्री आठवली, सगळं आठवलं. तेव्हा सांगितलं असतं तर दोन मिनिटांत प्रकरण मिटलं असतं. मी मान डोलावली.

दीड महिन्याने राज्य स्पर्धेच्या निवड चाचणीचा सराव चालू होता. यमूआत्याचा खोका पितलदांनी आल्या आल्याच तपासून, भरून ठेवला होता. पाळी दातांच्या डॉक्टरांची होती. शांत माणूस, भवानीपूरला दवाखाना, क्लबात सगळ्यांशी हसून वागणारा. त्यांच्यानंतर त्याच खोक्यातून माझी पाळी. त्यांनी पोटावर आडवं होऊन चाप ओढला आणि आवाज नेहमीसारखा आला नाही. डॉक्टर मागे सरकून बसले, गालातून रक्त येत होतं. पुंगळी मानेपासून अंगापर्यंत उभी फाटली होती आणि गरम वायू मागे फुटला होता. चष्म्याची काच तडकली होती, पण डोळा वाचला होता. रेंजवर चष्म्याशिवाय कुणी आडवं व्हायचं नाही हा नियमही पितलदांनीच हट्टाने लावला होता.

डॉक्टरांना टाके पडले. पितलदा ती फाटलेली पुंगळी घेऊन खोलीत गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मागाहून कळलं की भिंगाखाली त्यांना चिरेच्या कडेला निळसर हिरवा डाग दिसला होता. चिंचेने तसं होत नाही.

पुढच्या रविवारी पत्र्याच्या शेडखाली बैठक झाली. सेक्रेटरींचं म्हणणं साधं होतं. पितलदांचं वय झालं आहे, डोळा नुकताच कापला आहे, त्यांच्या हातून सुटलं. खोली कायमची बंद करावी, परवाना परत करावा. बरेच जण खाली मान घालून हो म्हणत होते. पितलदा उभे राहिले आणि बंगालीत चार वाक्यं बोलले. पुंगळी का फाटली ते मला कळलं आहे. कुणामुळे फाटली तेही कळलं आहे. नाव मी सांगणार नाही, ते माणूस स्वतः सांगेल. तोवर खोलीला कुलूप.

बंगालीत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. त्यामुळे कुणालाच काही उमगलं नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

त्यानंतर सुरू झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दर रविवारी सकाळी दहाला ते येत, खोलीच्या कुलूपबंद दारासमोर बाकावर बसत आणि चारला घरी जात. आत जायचं नाही, कुणावर रागवायचं नाही. वर्तमानपत्र वाचायचं, चहा घ्यायचा. मोठ्या बोअरचा सराव पूर्ण थांबला. लोक चिडले, कुणी तोंडावर बोललं, कुणी बोलणं सोडलं. माझ्याशी ते अगदी पूर्वीसारखेच होते. एअर रायफलवर माझा श्वास चुकतो हे त्यांनी बाकावरून ओरडून सांगितलं. सांगलीच्या आईची तब्येत विचारली. एकदाही रोखून पाहिलं नाही, टोमणा नाही. त्यांनी आडून का होईना विचारलं असतं, तर मी बहुधा पुन्हा खोटं बोलले असते.

मी भीत होते. टीममधली जागा जाईल, पोलिसांपर्यंत जाईल, कचेरीत कळेल, अशी सगळी भीती. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लाज. ती मला त्या बाकाच्या पलीकडे ढकलत न्यायची आणि मी लोकल धरून घरी यायची. तिसऱ्या रविवारी कमिटीने त्यांना पत्र दिलं. महिनाअखेर किल्ली जमा करावी. त्यांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मला विचारलं की मुडी, म्हणजे कुरमुरे, खाणार का.

त्या आठवड्यात मी कपाटाच्या मागे लपवलेली ती बाटली काढली आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. अमोनिया हा शब्द तिथे होताच. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, ही शेवटची पळवाटही संपली.

चौथ्या रविवारी मी बाटली पर्समध्ये घालून गेले. ते बाकावर डुलकी घेत होते. मी शेजारी बसले तसे जागे झाले.

"काका, ती चिंच नव्हती," मी म्हणाले आणि बाटली पुढे केली.

त्यांनी बाटली हातात घेतली नाही. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "मला सांगून काय होणार? डॉक्टर तिकडे रेंजवर आहे. जा."

रेंजवरच्या रायफली ठेवायच्या खोलीत डॉक्टर रायफल पुसत होते. गालावरचा व्रण अजून गुलाबी होता. मी मोडक्यातोडक्या बंगालीत सुरुवात केली, मग हिंदीत गेले. सगळं सांगितलं, मान डोलावल्याचंसुद्धा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, बोटाने व्रण चाचपला. मग म्हणाले की माझे पेशंट रोज मला सांगतात, आम्ही दोनदा दात घासतो. आपण होऊन खरं सांगायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. त्यांनी ते हसून म्हटलं आणि रायफल खाली ठेवली. पुढचा चाप ओढताना मला अजून भीती वाटते, असंही ते म्हणाले. त्या वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी मला फार सहज सोडून दिलं नाही.

संध्याकाळी कमिटीपुढे सांगितलं. सेक्रेटरींनी मला वर्षभर मोठ्या बोअरला हात लावायला बंदी केली आणि मग पितलदांकडे वळून त्यांची माफी मागितली. पितलदांनी खिशातलं पत्र काढून त्यांना परत दिलं आणि कुलूप उघडायला गेले.

मला वाटलं होतं, आता ते मला खोलीच्या आसपास फिरकू देणार नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी माझे हात हुंगले, आत घेतलं आणि करवत हातात दिली. डॉक्टरांनी बाकीची भरलेली काडतुसं झाडलीच नव्हती. ती पितलदांनी स्वतः मोकळी केली होती, गोळी, दारू, ठिणगी पाडणारी टोपी सगळं काढून. उरलेल्या एकोणपन्नास पुंगळ्या मी उभ्या कापायच्या, भिंगाखाली बघायच्या आणि लिहून ठेवायच्या होत्या. त्याला मला सहा रविवार लागले. सतरा पुंगळ्यांत चिरा होत्या. काही केसाएवढ्या, बाहेरून दिसणारच नाहीत अशा. अकरावी की बारावी चिरलेली पुंगळी पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी डॉक्टर आधी आडवे झाले नसते तर मी झाले असते. पितलदा तेव्हा पलीकडे साचे पुसत होते. माझे हात थांबलेले पाहून त्यांनी एवढंच सांगितलं की पाणी खा आणि मग पुढची काप.

वर्षाने बंदी उठली. त्यानंतर खोलीतली तपासणी मीच करायची. चिरलेल्या पुंगळीचा बद्द आवाज माझ्या कानाला कळू लागला होता.

आता ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि खोली दुसरं कुणी सांभाळतं. मी नागपूरला असते. ही बदली झाली तेव्हा ते मला सोडायला आले होते. टॅक्सीने पुलावरून जायचं सोडून त्यांनी लाँचने हावड्याला जायचा हट्ट धरला. सामान आधीच गेलं होतं, माझ्याकडे एकच बॅग होती. नदीला भरती होती. आम्ही कठड्याजवळच्या बाकावर बसलो आणि मी त्यांना इतके दिवस मनात असलेला प्रश्न विचारला. तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं, मग माझं नाव का नाही सांगितलं?

ते बराच वेळ बोलले, आणि बंगालीत. गंभीर काही असलं की त्यांना मराठी पुरत नसे.

चोवीस वर्षांचे असताना ते हावड्याच्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होते. तिथे पितळेच्या नळ्या ओढत. प्रत्येक घाण्यातला एक तुकडा द्रावणात घालून तो तडकतो का हे पाहायचं, हे त्यांचं काम. एका शनिवारी मैदानावर फुटबॉलचा सामना होता. त्यांनी तुकडा द्रावणात न घालताच 'ठीक' असं लिहिलं आणि गेले. त्या नळ्या पुढे गिऱ्हाइकाकडे तडकल्या. भट्टीवरच्या मिस्त्रींनी नीट तापवल्या नाहीत असं ठरलं आणि त्यांना काढून टाकलं. पितलदा गप्प राहिले. मिस्त्री ज्या गल्लीत राहत ती गल्ली त्यांनी टाळायला सुरुवात केली. नऊ वर्षं लांबच्या रस्त्याने कारखान्यात गेले.

नऊ वर्षांनी एकदाचे धीर करून त्या घरी गेले, तर मिस्त्री आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या बायकोने दार उघडलं, बसवलं, आणि हे काही बोलायच्या आत विचारलं, तुम्हीच ना ते केमिस्टबाबू? आमचे हे सांगायचे, बाबू येतील एक दिवस. रोज संध्याकाळी दारात बसायचे.

"मिस्त्रींना पहिल्यापासून माहीत होतं," पितलदा म्हणाले. आता ते मराठीत बोलत होते. "नऊ वर्षं तो माणूस माझी वाट पाहत होता. मी दुसरी रस्त्याने जात होतो, मला दिसलाच नाही. म्हणून मी तुझ्यासमोर बसलो, अगो. तुला दिसेल असा."

लाँच धक्क्याला लागली. मी काहीतरी बोलायला गेले, पण ते उठलेच होते. गाडीला अजून पाऊण तास आहे, आधी पोटभर जेवून घे, असं म्हणत त्यांनी माझी बॅग उचलली आणि फळीवरून पुढे चालू लागले.